भलत्याच भुंगेऱ्याची आरती

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नामिब नावाचे वाळवंट आहे. तिथल्या एका भुंगेऱ्याला २००१ सालापासून भलताच मान मिळतो आहे, आणि तो मान ज्याचा आहे त्याला कोणी विचारीत नाही. वर्तमानपत्रांतून, शाळांच्या व्यासपीठांवरून, विज्ञान प्रदर्शनांच्या तक्त्यांवरून ही भलत्याची आरती बिनदिक्कत चालली आहे. तिच्या विरुद्ध चार शब्द लिहावेत म्हणून मी बसलो आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, जगात अन्यायाला काय तोटा आहे? माणसांचे तंटे मिटत नाहीत आणि तुम्ही किड्यांचे वकीलपत्र घेऊन दिवाळी अंकात उभे! फराळाचे ताट पुढे असताना हे किडेपुराण हवेच कशाला? तर मंडळी, हे प्रकरण तुम्हाला वाटते तितके परके नाही. चकलीच्या भाजणीसाठी डबा रिकामा करताना, तळाशी राहिलेल्या जुन्या पिठात तिळाएवढा तांबूस किडा वळवळताना तुमच्या घरातल्या आईने, वहिनीने पाहिलाच असेल. नाक मुरडून तिने ते पीठ चाळले असेल किंवा गाईपुढे टाकले असेल. तो किडा या नामिबच्या भुंगेऱ्याचा भाऊबंद. (तांदळात सापडतो तो सोंडवाला निराळा. त्याचे गोत्र वेगळे, त्याला यात ओढू नका.) या घराण्याचे शास्त्रीय नाव टेनेब्रिऑनिडी. लॅटिन भाषेत 'टेनेब्री' म्हणजे अंधार. अंधाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुळात वीस हजारांवर जाती आहेत. त्यांतल्या कित्येक पृथ्वीवरच्या अत्यंत रखरखीत जागी राहतात. मग ती जागा आफ्रिकेतली वाळू असो, नाहीतर तुमच्या फडताळातला पत्र्याचा डबा. त्या डब्यातही पाणी नसतेच, हे ध्यानात घ्या.

आता जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती आधी जशीच्या तशी सांगतो, म्हणजे माझ्यावर मोडतोडीचा आळ नको. नामिबमध्ये पाऊस नाही. तिथे एक भुंगेरा राहतो. त्याच्या पाठीवर बारीक बारीक पुटकुळ्या असतात. या पुटकुळ्यांची टोके पाणी ओढून धरतात आणि मधल्या खाचा मेणचट असल्यामुळे पाणी झटकून टाकतात. पहाटे समुद्रावरून धुके आले की हा भुंगेरा डोके खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. टोकांवर थेंब धरतो, मोठा होतो, जड झाला की खाचेतून घरंगळत थेट त्याच्या तोंडात! आणि मग वक्ता आवाज चढवून सांगतो की मानवाने ही युक्ती या क्षुद्र कीटकापासून उचलली आहे आणि उद्या वाळवंटे तहानलेली राहणार नाहीत. टाळ्या.

गोष्ट गोड आहे. एवढीच अडचण आहे, की ज्याच्या पाठीवर पुटकुळ्या आहेत तो भुंगेरा असा डोक्यावर उभा राहत नाही, आणि जो उभा राहतो त्याच्या पाठीवर पुटकुळ्या नाहीत.

हे मी पदरचे सांगत नाही. जे घडले ते क्रमाने सांगतो, आणि त्यासाठी आधी नामिबला जायला हवे.

अंगोलापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत समुद्राला लागून सुमारे दोन हजार किलोमीटर हे वाळवंट पसरले आहे. त्यातला मोठा भाग नामिबिया या देशात येतो. तो देश दक्षिण आफ्रिकेच्या अमलातून १९९० साली स्वतंत्र झाला. किनाऱ्याला घासून बेंग्वेला नावाचा थंडगार सागरी प्रवाह वाहतो. गार पाण्यावरच्या हवेला वर चढून पावसाचा ढग होण्याची ताकद राहत नाही. तिचे धुके होते आणि रात्री-पहाटे वाऱ्याबरोबर ते आत वाळूवर सरकते. तिथे कुइसेब नावाची नदी आहे. नदी म्हणायचे एवढेच, वर्षाचे बहुतेक दिवस तिच्या पात्रात वाळूच असते. तिच्या दक्षिणेला वाळूचे डोंगरच्या डोंगर आणि उत्तरेला खडीचे सपाट माळ, अशा सीमेवर गोबाबेब हे ठिकाण आहे. वर्षाकाठी सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आषाढात कोकणातली एखादी सर एवढे पाणी तासाभरात ओतून मोकळी होते! कधी कधी वर्षच्या वर्ष तेवढाही नाही. धुके मात्र येत राहते.

या गोबाबेबला चार्ल्स कॉख नावाच्या ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञाने १९६२ साली संशोधन केंद्र काढले. माणूस याच अंधाऱ्या घराण्याचा वेडा. इतक्या ओसाड जागी भुंगेऱ्यांच्या इतक्या जाती कशा, या एका प्रश्नापायी त्याने तिथे बिऱ्हाड केले म्हणा ना. १९७० साली तो वारला, आणि केंद्राची सूत्रे मेरी सीली या बाईंकडे आली. या बाई मूळच्या अमेरिकेच्या, पण नामिबच्या होऊन राहिल्या. त्यांनी आणि विल्यम हॅमिल्टन या अमेरिकन प्राध्यापकांनी मिळून १९७६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटासा निबंध छापला. त्यात या सगळ्या गोष्टीचे खरे मूळ आहे.

त्यांनी जे पाहिले ते असे. ओनिमॅक्रिस उंग्विक्युलारिस नावाचा एक काळा भुंगेरा आहे. या नावाने जीभ लुळी पडते म्हणून त्याला आपण इथे धुकेखाऊ म्हणू. थंडीत आपण ऊन खातो ना, तसा हा धुके खातो. हा दिवसा हिंडणारा प्राणी. वाऱ्याने वाहून आलेली वाळक्या गवताची कुसे, काडीकचरा टेकडीच्या उताराला साचतो, त्यावर त्याचा गुजारा. सूर्य मावळला की तो वाळूत शिरतो आणि सकाळी वाळू तापेपर्यंत बाहेर येत नाही. गारठ्यात किड्याचे अंग चालत नाही, म्हणून हे शहाणपणाचेच. पण ज्या रात्री धुके येते त्या रात्री हा नियम मोडून, गारठलेल्या अंगाने तो वाळूतून वर निघतो आणि पाय ओढीत टेकडीच्या अगदी माथ्यावरच्या धारेवर जाऊन पोचतो. तिथे वाऱ्याच्या रोखाने तोंड करतो, मागचे पाय ताणून ढुंगण वर करतो, डोके खाली घालतो आणि निश्चल उभा राहतो. अंगावर धुके बसते, त्याचे थेंब होतात, थेंब उतारावरून तोंडाशी येतात, तो पितो. संशोधकांनी हे किडे धुक्याच्या आधी आणि नंतर तोलले. काहींचे वजन एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाढलेले होते! साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत वीस लिटर पाणी प्यावे, तसे हे झाले. आणि या धुकेखाऊची पाठ? गुळगुळीत. नाही म्हणायला थोड्या उभ्या चरा आहेत. पुटकुळी एकही नाही.

त्याच साली याच दोघांनी आणखी एक गोष्ट छापली, ती तर मला याहून आवडते, पण तिला व्यासपीठावर कधी जागा मिळालेली मी ऐकली नाही. लेपिडोकोरा नावाचे चपटे, बशीसारखे गोल भुंगेरे त्याच वाळूत राहतात. ते डोक्यावर उभे राहत नाहीत. धुके आले की वाऱ्याला आडवे असे वाळूत लांबच लांब चर पाडतात. चराच्या कडेला वाळूचा जो बारीकसा बांध उभा राहतो, त्यावर भोवतालच्या सपाट वाळूपेक्षा जास्त पाणी धरते. मग हे महाशय त्याच चराने परत येतात आणि बांधातले पाणी शोषून घेतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला बांधबंदिस्ती शिकवावी लागत नाही. त्याला ही गोष्ट सांगून पाहा, तो लगेच मान डोलावील.

या दोन्ही गोष्टींत एक गोष्ट समान आहे. त्या कळायला रात्रीच्या थंडीत वाळूच्या धारेवर जाऊन बसावे लागले. किडा काय करतो हे पाहावे लागले. मेलेला किडा सूक्ष्मदर्शकाखाली घालून धुकेखाऊचे धुके खाणे कधीच कळले नसते, कारण ते त्याच्या पाठीवर कोरलेले नाही. ते त्याच्या वागण्यात आहे.

यानंतर पंचवीस वर्षांनी, २००१ साली, अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स या इंग्लंडमधल्या दोघांनी त्याच 'नेचर'मध्ये आणखी एक निबंध छापला. त्यांनी एका खडबडीत पाठीच्या भुंगेऱ्याचे कवच तपासले, पुटकुळ्यांची टोके आणि मधल्या खाचा यांचा तो पाणी ओढण्या-झटकण्याचा सिद्धान्त मांडला, आणि काचेच्या पट्टीवर मेण लावून त्यात बारीक काचमणी बसवून पाणी गोळा करून दाखवले. त्या पट्टीबद्दल माझी तक्रार नाही. काचेवर जे झाले ते झाले, आणि कारखानदारांना त्यातून काही सुचले असेल तर आनंद आहे. पण गाडे घसरले ते पुढे. धुके खाण्याची पद्धत गुळगुळीत पाठीच्या किड्याची, पुटकुळ्या खडबडीत पाठीच्या किड्याच्या, आणि दोन्ही जोडून एक तिसराच प्राणी तयार झाला, जो नामिबमध्ये कुठेही राहत नाही. एवढेच नव्हे, त्या निबंधात भुंगेऱ्याला जे स्टेनोकारा हे नाव दिले होते तेही चुकले होते. तो किडा दुसऱ्याच जातीचा, फिझॅस्टर्ना क्रिब्रिपेस, असल्याचे पुढे जाणकारांनी दाखवले. म्हणजे आरती एकाची, मूर्ती दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे!

शेवटी २०१० साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस नॉरगार्ड आणि मारी डाके यांनी हा निवाडा केला. चार जातींचे भुंगेरे घेतले. दोन गुळगुळीत पाठीचे, त्यांत आपला धुकेखाऊ, आणि दोन खडबडीत, त्यांत ही वर सांगितलेली दोन्ही नावे. सगळ्यांना धुक्यात सोडले. डोके खाली घालून उभा राहिला तो एकटा धुकेखाऊ. धुके नसेल तर तोही उभा राहीना. मग चौघांच्या पाठीवर किती पाणी जमते ते मोजले. एकंदर पाण्यात फरकच दिसेना. अंगाच्या आकाराच्या मानाने हिशेब केला तेव्हा थोडा फरक निघाला, आणि त्यात सगळ्यांत मागे कोण राहिले असेल? तोच मोठा फिझॅस्टर्ना, ज्याच्या पुटकुळ्यांवर जगाने जीव ओवाळला! आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. चारही भुंगेऱ्यांची पाठ सबंधच्या सबंध पाणी झटकणारी होती, अळूच्या पानासारखी. टोके पाणी ओढतात आणि खाचा झटकतात हा भेदच त्यांना सापडला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की पाणी मिळण्यात पाठीच्या बनावटीपेक्षा धुकेखाऊच्या उभे राहण्याचा वाटा मोठा आहे.

हा निबंध कुलूपबंद नाही. कोणालाही फुकट वाचता येतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो चार रात्रींत वाचला. पदव्यांच्या माळा घातलेल्या मंडळींना तो एका दुपारी वाचता आला असता. तरीही पुटकुळ्यांची आरती बंद पडली नाही. का?

पुटकुळ्या विकता येतात, म्हणून. वागणे विकता येत नाही. थंडीत उठून टेकडीवर चढण्याची युक्ती बाटलीत भरता येत नाही; पुटकुळ्यांचा पत्रा मात्र कारखान्यात छापता येईल अशी आशा तरी वाटते. २०१२ च्या सुमारास हवेतून आपोआप भरणाऱ्या बाटलीच्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी आल्या, आणि सगळ्या बातम्यांत भुंगेरा होता. ती बाटली अद्याप माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. उलट धुक्यातून पाणी माणसाने खरोखर काढले ते पुटकुळ्यांची वार्ताही नव्हती तेव्हा. चिली देशात चुंगुंगो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. त्याच्या वरच्या डोंगरावर १९८७ सालापासून प्लास्टिकच्या साध्या विणीच्या जाळ्या उभ्या केल्या गेल्या, आणि १९९२ साली त्यांचे पाणी नळाने गावात आले. साधी जाळी, वाऱ्याला आडवी धरलेली. म्हणजे धुकेखाऊने जे केले तेच: योग्य जागी, योग्य वेळी, वाऱ्याला आडवे उभे राहणे. आज त्या जाळ्यांची छायाचित्रे दाखवून 'ही भुंगेऱ्याची देणगी' म्हणून सांगणारे वक्ते मी ऐकले आहेत. त्यांच्या गणितात १९९२ हे साल २००१ नंतर येते काय, न कळे.

तुम्ही म्हणाल, चुकले असेल एखाद्याचे, त्यात एवढे रागावण्यासारखे काय? मग हे ऐका.

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शन भरते. शाळेचे, गावाचे नाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीने नामिबचा भुंगेरा करायचे ठरवले. वर सांगितलेली सगळी हकिगत मी तिला सांगितली होती. तिने नारळाची चांगली अर्धगोल करवंटी शोधली. दोन संध्याकाळी पॉलिशपेपरने घासून घासून तिची पाठ आरशासारखी केली, वरून मेण चोळले. मोडक्या छत्रीच्या काड्यांचे पाय केले, मागचे लांब, पुढचे आखूड. न्हाव्याच्या दुकानातला फवारा मागून आणला. करवंटीवर फवारा मारला की पाणी थेंबाथेंबाने जमून पुढे ठेवलेल्या पणतीत टपकायचे. करवंटी आडवी ठेवली तर पणती कोरडी, उभी तिरपी केली तर भरते. हे ती दर पाहुण्याला दोनदा करून दाखवीत होती. पाठ महत्त्वाची नाही, उभे राहणे महत्त्वाचे, हे याहून सोपे करून मला स्वतःलाही दाखवता आले नसते.

शेजारच्या टेबलावर दुसऱ्या एका शाळेचा थर्मोकोलचा भुंगेरा होता. त्याच्या पाठीवर साबुदाणा चिकटवून पुटकुळ्या केल्या होत्या. त्यातून पाणी येत नव्हते. यायचा प्रश्नच नव्हता, कारण ओलावा लागताच साबुदाणा फुगू लागला असता. त्याला पहिला क्रमांक मिळाला. आमच्या मुलीच्या कागदावर परीक्षकांनी लिहिले, 'रचना चुकीची. पाठीवर उंचवटे नाहीत.' आणि गुण कापले.

मी परीक्षकांना भेटलो. भांडायला नव्हे. निबंधाची छापील प्रत बरोबर होती, ती पुढे ठेवली. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी प्रत चाळली नाही, पण चहा मागवला. म्हणाले, "मास्तर, सगळीकडे उंचवटेच दिलेले आहेत. आणि एवढ्या तपशिलात शिरायचे कशाला? मुलांना प्रेरणा मिळाली म्हणजे झाले. भुंगेरा कुठला का असेना."

भुंगेरा कुठला का असेना! हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. अहो, विज्ञानाच्या प्रदर्शनात भुंगेरा कुठला हे बघायचे नसेल तर मग बघायचे तरी काय? उद्या इतिहासाच्या पेपरात 'राजा कुठला का असेना, पराक्रम मोठा होता' असे लिहिले तर हेच गृहस्थ गुण देतील काय? प्रेरणा हा शब्द आजकाल फार स्वस्त झाला आहे. खोटी गोष्ट खपवायची असली की तिच्यावर प्रेरणेचा शिक्का मारतात. मी कादंबऱ्याही लिहितो, म्हणजे खोटे लिहिणे हा माझा दुसरा धंदाच आहे. पण मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापून देतो. वाचकाला ठाऊक असते की तो काय विकत घेतो आहे. साबुदाण्याच्या भुंगेऱ्यावर तशी पाटी नव्हती. तिथे पाटी होती 'विज्ञान'.

आणि त्या मुलीने काय शिकावे? तिने तर खरे ते केले, करून दाखवले, आणि तिला सांगण्यात आले की सगळे जे म्हणतात तसे तुझे नाही, म्हणून तुझे चूक. पुढच्या वर्षी ती साबुदाणा चिकटवील. हुशार मूल आहे, एका वर्षात शिकेल. मला भीती वाटते ती याची.

या सर्वांच्या जोडीला दुसरी एक जमात आहे. त्यांना भुंगेऱ्याच्या पाठीचे काही पडलेले नसते, त्यांना त्याच्याकडून बोध हवा असतो. 'पाहा मुलांनो, एवढासा जीव, पण किती उद्योगी! संकटाला कसा तोंड देतो!' धुकेखाऊ संकटाला तोंड देत नाही, मंडळी. नामिब हे त्याचे संकट नव्हे, घर आहे. त्याला कोकणात आणून सोडा, मग पाहा त्याचे संकट. त्याच्या पाठीवरची दोन्ही झाकणे जुळून एक झाली आहेत, त्यामुळे त्याला उडता येत नाही. पण त्या झाकणांखाली बंद पोकळी राहते आणि अंगातला ओलावा वाळवंटाच्या हवेत उडून जाण्यास आळा बसतो. त्याचाच एक भाऊबंद, ओनिमॅक्रिस प्लाना, तापल्या वाळूवरून सेकंदाला एक मीटर या वेगाने धावतो. किड्याच्या मानाने हा वेग अफाट आहे. यात उद्योग, जिद्द, त्याग असले काही शोधणे म्हणजे पाण्यातल्या माशाला पोहण्याबद्दल बक्षीस देण्यासारखे आहे. इसापाच्या मुंगीला आम्ही शेकडो वर्षे राबवून घेतली, तेवढे पुरे झाले. नामिबच्या भुंगेऱ्याला कीर्तनाला उभा करू नका. त्याला तिथे दुसरे काम आहे.

राहता राहिला तो नेहमीचा सवाल, 'पण मास्तर, उपयोग काय?' ज्यांना उपयोगच हवा आहे त्यांनी वाळवंटात न जाता आपल्या घरातल्या पिठाच्या डब्याकडे वळावे. कोरड्या पिठात, पाण्याचा थेंब नसताना, तो तांबूस किडा पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतो तो कसा? त्याच्या शरीरात अशी व्यवस्था आहे की मूत्र गोळा करणाऱ्या बारीक नळ्या गुदाशयाला बिलगून असतात, आणि बाहेर पडणाऱ्या मळातला ओलावा जवळजवळ संपूर्ण परत शोषून घेतला जातो. याच घराण्यातल्या टेनेब्रियो नावाच्या किड्याच्या अळीत ही रचना जे. ए. रॅम्से या शास्त्रज्ञाने १९६४ साली तपशिलाने मांडली. ही अळी तर याहून पुढची. हवेतला दमटपणा शेकडा ८८ च्या वर गेला की ती न पिता, त्याच मागल्या वाटेने, हवेतली वाफच शोषून घेते. आणि २०२३ साली कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या डब्यातल्या तांबूस भुंगेऱ्यात हे काम कोणत्या पेशींच्या जोरावर चालते तेही उलगडून दाखवले. साठवलेल्या धान्यावर जगभर पडणारी कीड हीच. तिचे पाणी तोडायचे तर ते ती कुठून आणते हे आधी कळायला हवे. घ्या, हा उपयोग!

म्हणजे हवेतून पाणी काढणारा खरा कारागीर आपल्या स्वयंपाकघरात बसला आहे. त्याची आरती का होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याची करामत पाठीवर नाही, पाठीच्या खालच्या अंगाला आहे. प्रमुख पाहुण्यांना हार घातल्यावर व्यासपीठावरून ती कशी सांगावी? पुटकुळ्या सोवळ्या, म्हणून पुटकुळ्यांचे भाग्य फळफळले.

माझे मागणे लहान आहे. मी पाठ्यपुस्तके बदला म्हणत नाही, कोणाला शिक्षा करा म्हणत नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रावर शाळेचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, प्रतिकृतीचे नाव असे रकाने असतात. त्यांत आणखी दोन घाला. 'हे प्रत्यक्ष कोणी पाहिले?' आणि 'केव्हा, कुठे?' ज्याला धुकेखाऊ करायचा असेल त्याला तिथे सीली, हॅमिल्टन, गोबाबेब, १९७६ असे लिहावे लागेल, आणि ते लिहिण्यासाठी शोधावे लागेल. पुटकुळ्यांच्या भुंगेऱ्याला डोक्यावर उभे राहताना कोणी पाहिले, हा रकाना भरताना साबुदाणावाल्यांची लेखणी आपोआप थांबेल. परीक्षकांचेही काम हलके होईल. त्यांना निबंध वाचावा लागणार नाही, रकाना कोरा आहे की भरलेला एवढेच पाहायचे.

ही सूचना मी भाद्रपदात लेखी दिली आहे. पोच मिळाली, उत्तर यायचे आहे. दरम्यान करवंटीचा भुंगेरा त्या मुलीने घरी नेला आहे, आणि छत्रीच्या काड्या मोडक्या असल्यामुळे एक पाय बदलायला झाला आहे, असे ती परवा सांगत होती.